पिरिडीनचे दिवस

पिरिडीनचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळत नाही. सडलेल्या मासळीचा म्हणावा तर त्यात जळक्या केसांचा एक धागा असतो. जळक्या केसांचा म्हणावा तर पाठोपाठ ओलसर, किंचित गोड असे काहीतरी येऊन टाळूला चिकटते. तो नाकात थांबतच नाही. जिभेच्या मुळाशी उतरतो आणि संध्याकाळच्या चहाच्या घोटातून पुन्हा वर येतो. शिकेकाईने केस धुवावेत, उन्हात बसून वाळवावेत, तेल लावून वेणी घालावी, आणि रिबीन बांधताना शेवटच्या पेडातून तो अलगद बाहेर यावा.

गेल्या आठवड्यात नाशकात द्वारकेच्या चौकातल्या औषधांच्या दुकानात उभी होते. माघ संपत आला आहे, परीक्षांचे दिवस आहेत, दुकानात स्मरणशक्तीच्या बाटल्या पुढच्या फळीवर आल्या आहेत. बाहेर रिक्षावाल्यांचा "नाशिकरोड, नाशिकरोड" असा न थकणारा घोष. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "नागिणीवरची ती ट्यूब द्या हो, असायक्लोव्हिरची." दुकानदाराने मान न वळवता हात मागे नेला आणि काडेपेटी द्यावी तशी ट्यूब काढून दिली. दुकानात फक्त उदबत्तीचा आणि पुठ्ठ्यांचा वास होता. तरीही माझ्या जिभेच्या मुळाशी पिरिडीन जागे झाले. चाळीस वर्षे लोटली तरी त्याला माझा पत्ता पाठ आहे.

ऐंशी सालानंतरचा तो दुसरा की तिसरा हिवाळा. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, सेंद्रिय रसायनशास्त्राला. वर्गात एकटी मुलगी. महाविद्यालयाच्या मागच्या अंगाला लांबट, उंच छताची प्रयोगशाळा होती. तिथला धूर ओढून घेणारा पंखा मी कधी फिरताना पाहिला नाही; त्याच्या पात्यांवर चिमण्यांनी घरटे केले होते. दुपारी नळ जात, म्हणून सकाळीच पिंपे भरून ठेवायची. बर्फ हवा असेल तर लाकडाच्या भुशात गुंडाळलेला गोणपाटाचा गठ्ठा सायकलला बांधून आणायचा. आणि संध्याकाळी त्या साऱ्या दिवसाचा वास अंगावर घेऊन मी द्वारकेला बस बदलत असे. सटाणा-देवळ्याकडून आलेले कांद्याचे ट्रक तिथे ओळीने उभे असत. त्या उग्र, मातकट दर्पात माझा वास क्षणभर हरवे. बसमध्ये चढले की पुन्हा सापडे.

"कोणी सुकट आणलंय का गाडीत?" एक बाई पदर नाकाला लावून विचारीत.

कंडक्टर माझ्या पिशवीकडे बघून म्हणे, "ताई, बोंबील असतील तर टपावर टाका."

"बोंबील नाहीत," मी एकदा म्हणाले, "मीच आहे."

शेजारची जागा रिकामी होई. मी पिशवी मांडीवरून काढून तिथे ठेवी आणि ऐसपैस बसे. माझ्या आजीला गावात आपल्या सावलीचीसुद्धा लाज बाळगावी लागली होती. कोणाच्या अंगणात ती पडू नये म्हणून दिवसाची वेळ बघून चालावे लागले होते. तिची नात स्वतःच्या बुद्धीने मिळवलेला वास अंगावर घेऊन बसच्या मधोमध बसली होती. मी त्याची लाज बाळगणार नव्हते. नाही म्हणजे नाही.

रसायनशास्त्रात आले तेव्हा माझ्यापाशी दुसरे काही नव्हते, मात्रा मोजण्याची सवय तेवढी होती. आई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिने मला पाढ्यांच्या आधी ओव्या शिकवल्या, आणि ओळ कुठे लंगडते हे बोटांवर ओळखायला लावले. म्हणून असेल, बेंझीनचे वलय मी प्रथम पाहिले तेव्हा मला ती सहा मात्रांची ओळ वाटली. सहा कार्बन, हातात हात, एकसारखे, स्वतःवर खूश. मग सरांनी फळ्यावर एक कार्बन पुसला आणि त्या जागी नायट्रोजन लिहिला. पिरिडीन! ओळीची चालच बदलली. सगळा डौल त्या एका परक्या अणूकडे झुकला. वास त्याच्यामुळे, आम्लाला जाऊन भिडण्याची धमक त्याच्यामुळे, दुसऱ्या रेणूला हात पुढे करण्याची वृत्तीही त्याच्याचमुळे. अशा फेरात कार्बनखेरीज दुसऱ्या कुळाचा अणू शिरला की त्या संयुगाला विषमचक्रीय म्हणतात. शब्द मला पहिल्या दिवशी टोचला. विषम म्हणजे वाकडे, उणे, पंगतीत न बसणारे, असेच आम्ही ऐकत आलो होतो. मग पुस्तक पुढे वाचत गेले आणि हसू आले. आपल्या पेशीपेशीत जीवनाचा जो मजकूर लिहिलेला आहे, त्याची चारही अक्षरे विषमचक्रीय. निव्वळ कार्बनचे, शुद्ध कुळाचे वलय त्यात एकही नाही. शुद्धतेच्या गप्पा मारणारा प्रत्येक माणूस आत या परक्या अणूंच्या जिवावरच उभा आहे. हे मला कोणी आधी का सांगितले नव्हते?

माझा विषय होता इसॅटिन. शेंदरी-तांबडे, सुयांसारखे स्फटिक. सहाचे एक वलय आणि पाचाचे एक, एकमेकांना खेटून. त्या कुळातले एक परदेशी औषध देवीच्या साथीत देऊन पाहिले होते, एवढे मी वाचले होते. पिरिडीनच्या द्रावात त्या सांगाड्याला एकेक लांब होत जाणारी शेपटी जोडायची, एकूण अकरा संयुगे करायची, आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडे विषाणूंवर चाचणीसाठी पाठवायची, असा बेत होता. इसॅटिनने बोटे पिवळी होत. शेजारच्या निकममावशी माझा हात हातात घेऊन आईला विचारीत, "काय हो बाई, पोरीला हळद लागली आणि आम्हाला आवतण नाही? नवरा कुठंय?"

"बाटलीत," आई म्हणे. "अजून घट्ट व्हायचाय."

आईच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. सहा वर्षांची असताना गावात साथ आली. तिच्या आईने कडुलिंबाचे डहाळे बांधले, दही-भाताचा नैवेद्य ठेवला, देवी अंगात आली आहे म्हणून पोरीला नमस्कार केला. आजारी लेकराच्या पाया पडणारी ती माऊली आठवली की आई वणांवरून बोट फिरवी. पुढे धम्म स्वीकारल्यावर घरातले देव नदीत सोडले, पण ही एक देवी चेहऱ्यावरच राहिली. शाळेतल्या नव्या मुलांनी विचारले तर ती शांतपणे सांगे, "देवीबिवी काही नाही. रोग आहे. विषाणूचा. लेकीनं शब्द शिकवलाय मला." मी इसॅटिन का निवडले, हे मी कोणाला सांगितले नव्हते. सांगण्याची गरज असलेले एकच माणूस होते, आणि त्याला ते ठाऊक होते.

दहा संयुगे झाली. सर्वांत लांब शेपटीचे अकरावे काही केल्या स्फटिक होईना. मद्यार्कात विरघळवले, गाळले, बर्फात ठेवले. चंबूच्या तळाशी मधासारखे तेल. पुन्हा केले, पुन्हा तेल. पिवळे, चकचकीत, हट्टी तेल. तेलाला द्रवणांक नाही, आणि ज्याला नेमका द्रवणांक नाही त्याच्या शुद्धतेवर आमच्याकडे कोणी विश्वास ठेवत नसे. विभागप्रमुख सरांनी चंबू उजेडाकडे धरून तिरका केला. तेल सावकाश एका बाजूला सरकले.

"बाई, पुण्याला अशी तेलं घेत नाहीत. होळीनंतर सगळ्यांचे नमुने जाणार. मालिका पूर्ण असेल तर जाईल, नाहीतर तुमचा प्रबंध पाणी-परीक्षणावर करू. विहिरी मोजा, पाणी तपासा. तुम्हा मुलींना ते बरं. वास नाही, आग नाही."

"दहा तरी पाठवू या, सर."

"अर्धवट मालिका मी पाठवत नाही. आणि देवी तर गेली देशातून. आता कोणासाठी एवढा आटापिटा?"

"विषाणू काही एकच नाही, सर."

"तोंडी परीक्षेत हे उत्तर चालणार नाही," ते म्हणाले, आणि चंबू माझ्या हातात परत दिला. दुष्ट नव्हते ते. त्यांना खरोखर वाटत होते की ते माझी सुटका करत आहेत. अशा माणसांशी भांडणे सर्वांत कठीण.

होळीला तीन आठवडे उरले असताना आईला नागीण झाली. डाव्या बरगडीखालून पाठीकडे जाणारा फोडांचा पट्टा. तांबूस, पाणीदार, द्राक्षाच्या कोवळ्या मण्यांसारखे घोस. परकराची नाडी टेकली तरी तिला कळ येई. निकममावशी गेरू कालवून घेऊन आल्या.

"बाई, तोंड न् शेपूट भेटायच्या आत लेप द्या. एकदा का कमरेला वेढा पुरा पडला की माणूस वाचत नाय. आमच्या चुलत सासऱ्यांचं असंच झालं. पेठकडचा एक भगत हाय, लय गुणाचा..."

"मावशी, देवी सोडली मी," आई दात आवळून म्हणाली, "आता सापाला कुठं पुजत बसू?"

"जीव जाईल हो!"

"जाईल तर माझ्या मतानं जाईल."

नागीण एकाच मज्जातंतूच्या वाटेने चालते आणि शरीराचा मध्य सहसा ओलांडत नाही, हे मी मावशींना परोपरीने सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि गेरूची वाटी तशीच खिडकीत ठेवून गेल्या, न जाणो म्हणून. आई कुशीवर पडून मुलांचे चाचणीचे पेपर तपासत राहिली. मध्येच म्हणाली, "उज्जू, वलय पुरं झालं की माणूस मरतो म्हणतात. तुझी तर सगळी वलयं पुरीच असतात ना?" मग हसली, आणि हसण्यानेही कळ आली.

त्याच सुमारास ग्रंथालयात सहा महिने उशिरा आलेल्या एका नियतकालिकात मी असायक्लोव्हिरबद्दल वाचले होते. जीवनाच्या त्या चार अक्षरांपैकी एकाची नक्कल. पण त्याला जोडलेले साखरेचे वलय रसायनज्ञांनी मुद्दाम पुरे होऊ दिलेले नाही. विषाणू आपल्या प्रती काढायला बसतो, घाईत हे खोटे अक्षर उचलून ओळीत लावतो, आणि ओळ तिथेच थांबते. पुढच्या अक्षराला धरायला त्या अक्षरापाशी हातच नाही. एका चुकीच्या अक्षराने ओळ मरते, हे मी लहानपणापासून जाणत होते. ओळ मारण्यासाठी कोणी इतके सुंदर चुकीचे अक्षर घडवावे, हे नवे होते. पण ते औषध परदेशात होते, आणि आमच्या नाशकात होता गेरू.

एका दुपारी, कळ फार असताना, आई म्हणाली, "तुझं ते पिवळं चोळ की जरा. एवढं रांधतेस रोज."

माझ्या पिशवीत तेव्हा खरोखर एक कुपी होती. मी क्षणभर तिच्याकडे पाहिले, हे कबूल करते. मग म्हणाले, "नाही, आई. ते औषध आहे की विष, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. न तपासलेलं लावलं तर मावशींच्या भगतात आणि माझ्यात फरक काय?"

आईने माझ्याकडे रोखून पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, कळेचे होते. "बरोबर," ती म्हणाली, "पाचपैकी पाच." आणि कूस बदलली.

होळीच्या आदल्या आठवड्यात मी बाराव्यांदा तेच तेल घेऊन बसले होते. प्रयोगशाळेतले शिरसाठमामा, सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे, निवृत्तीला आलेले, काचसामान सांभाळीत. ते कधी आपण होऊन बोलत नसत. त्या दिवशी मी क्रोमिक आम्लाने नवा चंबू तिसऱ्यांदा धूत होते. ते मागे येऊन उभे राहिले.

"बहीन, इतली काच घासू नको."

"स्वच्छ नको का मामा?"

"स्वच्छ शे. लयच स्वच्छ शे. गुळगुळीत फरशीवर कांदानं रोप धरस का? त्याले खडबडीत जागा लागस." त्यांनी कपाटाच्या तळातून एक म्हातारा चंबू काढला, आत असंख्य ओरखडे, काच धुरकट झालेली. "हाऊ ले. पन्नास पोरं पास करेल शे यानी."

मी थिजले. कारण हे पुस्तकात होते, आणि मी ते वाचलेही होते: स्फटिकाला जन्मायला एखादा ओरखडा लागतो, धुळीचा कण लागतो, टेकायला काहीतरी लागते. इतर मुले काचकांडीने चंबूच्या आतल्या बाजूला सर्रास खरवडत. मला ते कधी जमलेच नाही. आमच्या घरात भांडे घासणे म्हणजे भांडे घासणे नव्हते. कोणीही अचानक आत आले आणि बोट फिरवून पाहिले तरी बोट कोरडे निघावे, या एकाच धाकाने आजीने आईला आणि आईने मला घासायला शिकवले होते. माझ्या मागच्या पिढ्यांना घाणेरडे म्हटले गेले, म्हणून मी जगातली सर्वांत स्वच्छ काच वापरत होते. आणि त्या काचेवर काहीही उगवत नव्हते. ही चूक वर्गातल्या दुसऱ्या कोणाच्या हातून झालीच नसती.

मी तेल गरम मद्यार्कात विरघळवून मामांच्या चंबूत ओतले. काचकांडी घेतली आणि जुन्या ओरखड्यांवरून आवाज होईल अशी ओढली. दातांत शिरशिरी आणणारा तो आवाज मला आजही कोणत्याही सुरावटीपेक्षा प्रिय आहे. प्रथम काहीच झाले नाही. मग एका रेघेच्या टोकाशी धुक्याचा ठिपका उमटला, आणि ठिपक्यातून एक सोनेरी सुई निघाली, तिच्या अंगातून दुसरी. पाहता पाहता सगळा चंबू केशरी गवताने भरून गेला. मी ओरडले असावे. चिमण्या घरट्यातून उडाल्या. शिरसाठमामा म्हणाले, "उगनं," आणि हात पुसत आपल्या कपाटाकडे गेले.

द्रवणांक एका अंशात नेमका आला. सरांनी तीनदा घ्यायला लावला, तीनदा तोच आला. अकरा कुप्या कापसात गुंडाळून पुण्याला गेल्या. आईची नागीण तोवर खपल्या धरून सुकली होती, वेढा न घालताच. मावशींनी गेरूची वाटी परत नेली आणि सांगत राहिल्या की वाटीच्या नुसत्या सान्निध्याने गुण आला.

आज मी संशोधनातून निवृत्त आहे. माझ्या हातून आजवर एकही औषध निर्माण झालेले नाही. समारंभात परिचय करून देणारे लोक इथे अडखळतात, काहीतरी गोड शोधू लागतात. मला ती गोडी नको आहे. त्या दुकानातली ती ट्यूब कोणा एकाच्या प्रतिभेतून टपकलेली नाही. तिच्यामागे हजारो वलये आहेत, जी कुणीतरी, कुठेतरी, बंद पंख्याखाली बसून घडवली आणि जी निरुपयोगी ठरली. निरुपयोगी ठरली, म्हणून पुढच्याला ती वाट सोडता आली. त्या न चाललेल्या वलयांत माझी ती अकराही होती. हे मी खाली मान घालून सांगत नाही.

पण त्या वर्षी मला हे ठाऊक नव्हते. श्रावण सरताना पुण्याहून टंकलिखित पत्र आले. अकरा आकडे, आणि प्रत्येकासमोर एकच शब्द: निष्क्रिय. सर शांतपणे म्हणाले, "पदवी मिळाली आहे, ती पुरे. संशोधनासाठी माझ्याकडे एकच जागा आहे, आणि ज्याच्या हाती काही लागलंय त्याला ती द्यावी, असं मला वाटतं. तरी तुमचा हक्क पहिला. शनिवारपर्यंत सांगा. बी.एड. केलंत तर मी स्वतः शिफारस देईन."

घरी येईपर्यंत मी ते वाक्य बसमध्ये मनाशी घोळवले होते: आई, मी सोडते. त्याच्या मात्रासुद्धा जुळल्या होत्या. आई उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होती. मी पत्र तिच्या पुढ्यात धरले. तिने हात पुसले, चष्मा लावला, आणि मुलांचे पेपर वाचावेत तसे प्रत्येक ओळीवर बोट ठेवून पत्र वाचले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. कुठेही घाई केली नाही. अकराव्या ओळीवर बोट थांबले. मग त्याच्या खालच्या कोऱ्या जागेवर सरकले, आणि तिथेच टेकून राहिले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले,

"बारावं?"